अपेक्षित तारखेचा रकाना

अहो, आज सकाळी दुकान उघडलं, मशीन चालू केलं आणि यादी वाचायला लागले. मोठ्याने. आज ज्यांच्याकडून पैसे यायचे, त्यांची नावं. तुम्ही समोर टायरवर बसून चहा प्यायचात, मी एकेक नाव वाचायची आणि तुम्ही प्रत्येक नावाला उत्तर द्यायचात. ‘येतोय.’ ‘आज न्हाय यायचा, त्याची म्हस व्यायलीय.’ ‘त्याच्या पुतणीचा साखरपुडा हाय, चार दिस सोड.’ शाळेत हजेरी घ्यावी तशी आपली रोजची हजेरी, फक्त ज्यांची हजेरी ते समोर नसायचे. आता मी नाव वाचते, थोडं थांबते आणि पुढचं नाव वाचते.

पेपरात तुमचा फोटो आला होता. खाली चुलत्यापुतण्यांची नावं आणि शेवटी ‘शोकाकुल’. तुमचं शिक्षण किती, दुकान कधी काढलं, कुणाकुणाला मदत केली, ते सगळं तिथे छापलंय. ते मी इथे परत लिहीत नाही. फोटोसुद्धा कुणीतरी लग्नातल्या अल्बममधून कापून दिला, त्यात तुम्ही भलत्याच कुणाकडे बघून हसताय. मला तुमच्याशी वेगळंच बोलायचंय. आपलं भांडण अर्धं राहिलंय, आणि अर्धं भांडण घेऊन एकटीने घरात वावरणं फार अवघड जातं.

आपल्याकडे कॉम्प्युटर आला तो दिवस आठवतो का? इंदापूर रोडवरचे सगळे दुकानदार बघायला जमले होते. टायरच्या दुकानात हे कशाला, असं प्रत्येकाने विचारलं. सांगवीहून तुमचे थोरले भाऊ, आपले दादा, मुद्दाम आले, मशीनवरचं कव्हर उचलून बघितलं आणि म्हणाले, ‘एवढ्यात एक बरी म्हस आली असती.’ तुम्ही म्हणालात, ‘म्हस बिलं करंल का दादा?’ खरं कारण तुम्ही मला घरी आल्यावर सांगितलंत. लग्नानंतर मी बारामतीतच कॉम्प्युटरचा कोर्स केला होता आणि त्याचं सर्टिफिकेट कपाटात साड्यांखाली पडलं होतं. ‘कपाट उघडलं की त्ये दिसतंय,’ तुम्ही म्हणालात, ‘मला बरं वाटत न्हाय.’ बस, एवढंच. मग तुम्ही काउंटर फिरवून घेतला, म्हणजे माझी खुर्ची रस्त्याकडे तोंड करून येईल.

आपल्याला मूल झालं नाही. घरात बसलं की त्यावरून कुणी ना कुणी काहीतरी बोलायचंच, अगदी मायेनेसुद्धा. दुकानात मला कुणी त्याबद्दल कधी विचारलं नाही. तिथे लोक फक्त टायरचा भाव विचारायचे, आणि मला ते फार आवडायचं. तुम्ही मला खुर्ची दिली नाही हो, श्वास घ्यायला जागा दिली. हे तुम्हाला बोलून दाखवायचं राहून गेलं. रोज बारा वेळा ‘चहा गार होतोय’ म्हणायला वेळ होता, हे म्हणायला नव्हता.

सॉफ्टवेअर बसवायला पुण्याहून तो मुलगा आला होता. बिल कसं करायचं ते त्याने पटकन शिकवलं. मग काळ्या पडद्यावरच्या एका रकान्यावर बोट ठेवून म्हणाला, ‘वहिनी, ही एक्स्पेक्टेड डेट. गिऱ्हाईक पैसे कधी देणार, ती अपेक्षित तारीख. बिलापासून तीस दिवस धरायचे. रोज सकाळी मशीन तुम्हाला सांगेल, आज कुणाकुणाचे यायचे ते.’ तुम्ही हसायला लागलात. ‘तीस दिस कुणी ठरवलं?’ मग तुम्ही त्याला बसवून घेतलं, चहा पाजला आणि आपली माणसं समजावून दिली. ट्रॅक्टरवाला उसाच्या हंगामाच्या आधी ट्रॉलीला टायर घालतो आणि कारखान्याकडून वाहतुकीचं बिल निघालं की पैसे देतो. टेम्पोवाला डेअरीत दुधाचा पगार झाला की देतो. सीटप्रमाणे भाडं घेणारी वडापची जीप चालवणारा गावची जत्रा झाली की देतो, कारण जत्रेतच त्याच्या भरून फेऱ्या होतात. ‘तारीख कुणीच बोलत न्हाय,’ तुम्ही म्हणालात. ‘काय झाल्यावर देणार, एवढंच बोलत्यात.’ मुलाने सगळं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाला, ‘पण शेठ, रकान्यात फक्त आकडेच बसतात.’

तिथूनच आपला वाद सुरू झाला. तुमचं म्हणणं, तो रकाना मोकळा सोड. माझं म्हणणं, मोकळा सोडला तर मशीन वाटच बघणार नाही. ‘मशीननं कशाला वाट बघायची? मी हाय की,’ तुम्ही म्हणायचात. तुमच्या डोक्यात सगळी माणसं त्यांच्या म्हशींसकट, जत्रांसकट बसलेली होती. पण महिनाअखेरीला कंपनीचा माणूस टायरचे पैसे मागायला आला की तुमचं डोकं उघडून त्याला दाखवता यायचं नाही. तेव्हा तुम्ही मुकाट्याने माझ्या प्रिंटरकडे बघायचात आणि मी यादी मुद्दाम लगेच छापायची नाही.

शेवटी आपण दोघांनी एक रीत काढली. ती दादांनासुद्धा ठाऊक नव्हती. गिऱ्हाईक माझ्यासमोर उभं राहून सांगायचं, ‘वैनी, पौर्णिमेला आणून देतो बघा.’ तुम्ही त्याच्यामागे टायरांच्या थप्पीला टेकून उभे. तुम्ही काहीच केलं नाही, तर तो म्हणतो तीच तारीख. कानामागे खाजवलं, तर पंधरा दिवस पुढची. रुमाल काढून तोंड पुसलं, तर महिना पुढची. मी खाली मान घालून, हसू दाबत आकडे टाकायची. गिऱ्हाइकाचाही मान राहायचा आणि मशीनचंही पोट भरायचं.

आणि मग तुम्हाला ती सर्दी झाली. आठवडाभर तुमचा रुमाल काही खिशात जाईना आणि मी आपली इमानेइतबारे एकेकाला महिनाभर पुढे ढकलत गेले. माळेगावच्या विष्णूरावांनासुद्धा, ज्यांनी उभ्या जन्मात कुणाचा रुपया ठेवून घेतला नाही. विष्णूराव बोलल्या दिवशी पैसे घेऊन हजर झाले. मी यादी बघून म्हणाले, ‘आबा, तुमचं पुढच्या महिन्यात आहे.’ म्हातारा माणूस घाबरलाच. ‘का बरं? माज्यावर इस्वास न्हाय ऱ्हायला व्हय?’ तेवढ्यात तुम्ही मागून शिंकलात आणि माझ्या डोक्यात एकदम उजेड पडला. त्या संध्याकाळी दुकान बंद करून आपण आत इतकं हसलो, की समोरच्या हॉटेलातून शांतामावशींनी ओरडून विचारलं, ‘आगं, काय झालं तुमास्नी?’

यंदाच्या श्रावणातला घोळ तर त्याच्या वरचढ होता. ट्रॅक्टरवाल्यांनी हंगामासाठी टायर नेले, त्यांच्या तारखा पडल्या पुढच्या साली, म्हणजे दोन हजार साली. आपल्या रकान्यात वर्षाला दोनच घरं. मी शून्य शून्य टाकलं आणि मशीनने ते एकोणीसशे साल धरलं. आपल्याला काय कल्पना! महिन्याच्या सुरुवातीला नेहमीसारखी स्मरणपत्रं छापली, तुम्ही स्वतः जिभेने तिकिटं ओली करून चिकटवलीत आणि पोस्टात टाकून आलात. चार दिवसांनी ट्रॅक्टरवाले एकत्रच दुकानात आले, प्रत्येकाच्या हातात मास्तरांकडून वाचून घेतलेलं पत्र. थकलेल्या दिवसांच्या जागी छत्तीस हजारांच्या वरचा आकडा. त्यातला एकजण म्हणाला, ‘शेठ, माज्या पणज्यानं नेलं व्हतं का टायर? आमाला कुणी सांगितलं न्हाय.’ तुम्ही हसता हसता खाली बसलात. सगळ्यांना चहा झाला, वर भजी झाली. पत्रं मात्र त्यांनी परत दिली नाहीत. गावात दाखवायला ठेवली.

पुण्याचा मुलगा फ्लॉपी घेऊन परत आला आणि वर्षाची चार घरं करून गेला. जाता जाता त्याने आणखी एक सोय करून दिली. जो तारखेनंतर आठवडाभर पैसे देणार नाही, त्याच्या नावापुढे एक चांदणी उमटायची. चांदणी असेपर्यंत त्याचं उधारीचं नवीन बिल होणार नाही. मला ती सोय आवडली. मी ती चालू करून टाकली.

तुम्हाला ती त्या गुरुवारी दिसली. गुरुवार म्हणजे तुमचा इंदापूरचा वसुलीचा दिवस. तुम्ही यादी घेऊन निघालात, दारात थांबून वाचली आणि परत आत आलात.

‘बाळूच्या नावापुढं हे काय हाय?’

बाळू म्हणजे माळेगावचा दुधाचा टेम्पोवाला. तुमच्या मांडीवर खेळलेला, असं तुम्हीच सांगायचात. मी चांदणीचा अर्थ सांगितला.

‘काढ ती.’

‘निघत नाही. त्याने पैसे भरले की आपोआप निघते.’

‘माणसाला खूण करत्यात व्हय? मेंढरं हायती का ती?’

‘तुमच्या घरात मेंढरं होती ना,’ मी म्हणाले, ‘मग खुणा करणं तुम्हाला नवीन नाही.’

तुम्ही हसला नाहीत. म्हणालात, ‘आमची मेंढरं खूण करून आपल्याच वाड्यात घ्यायची आसायची, सुमन. हाकलायसाठी कुणी खूण करत न्हाय.’ मी म्हणाले, ‘तुमच्या गोड बोलण्यावर कंपनी टायर देत नाही.’ तुम्ही यादीची घडी घालून खिशात ठेवलीत. ‘आल्यावर बोलू. पाचला येतो.’ मी म्हणाले, ‘तुमचा वायदापण बाळूसारखाच. आठ वाजतील.’

इंदापूरला स्टँडसमोर कुणाच्या तरी दुकानात बोलता बोलता खुर्चीत बसलात, ते उठलाच नाहीत. आधी टेम्पोत घालून तुमची स्कूटर आली. मी तिच्याभोवती फिरून बघत होते, कुठे लागलंय का म्हणून. तिला कुठेही ओरखडा नव्हता, तेव्हा मला बरं वाटलं. तुम्ही नंतर आलात.

एक गोष्ट सांगते. त्या रकान्यासाठी मी इतकी वर्षं भांडले, ते सगळं काही धंद्यासाठी नव्हतं. भांडण निघालं की तुम्ही माझ्या खुर्चीमागे येऊन उभे राहायचात, खुर्चीच्या पाठीवर हात ठेवायचात आणि पडद्याकडे बोट करून तावातावाने बोलायचात. तुमच्या शर्टाला रबराचा वास यायचा. तुम्ही मागे उभे राहावं म्हणून मी कधी कधी उगाचच तारखेचा विषय काढायची. हे तुम्हाला कळत होतं का? मला वाटतं कळत होतं, कारण तुम्हीसुद्धा लवकर हार मानायचा नाहीत.

तेरावा झाला आणि दादांनी विषय काढला. दादा वाईट नाहीत, हे मला माहीत आहे. तुमच्यामागे सगळ्यात जास्त तेच रडले. म्हणाले, ‘सुमन, टायरच्या दुकानात बाईमाणसानं एकटं बसायचं, मला बरं दिसत न्हाय. माल एका व्यापाऱ्याला दिऊ, पैसं बँकेत ठिऊ, तू सांगवीला चल. तुजी खोली तुजी हाय.’ मी म्हणाले, मला दुकान चालवायचंय. त्यांनी डोक्यावरची टोपी सारखी केली. मग म्हणाले, ‘दिवाळीला कंपनीचं पैसं द्यायचंत. लोकांनी शब्द दिलेला त्याला, तुला न्हाय. त्ये आलं तर बस. न्हाय आलं तर मग माजं ऐक.’ मी हो म्हणाले. नाही म्हणायला माझ्याजवळ काही कारणही नव्हतं.

मी दुकान उघडलं, पण शटर अर्धंच वर केलं. पूर्ण उघडलं तर लोक म्हणतील, हिला किती घाई. शिवाय खरं सांगू, त्या उघड्या रस्त्याकडे तोंड करून बसायचं मला धाडस होईना. अर्ध्या शटरखालून फक्त पाय दिसायचे. रोज सकाळी यादी यायची आणि त्यातलं कुणीच यायचं नाही. विष्णूरावसुद्धा नाहीत. पाय यायचे, थोडं थांबायचे, जायचे. नावांपुढे एकामागून एक चांदण्या उमटायला लागल्या. संध्याकाळी दादांचा फोन यायचा, ‘आलं का कोण?’ मी म्हणायची, नाही. ते ‘बरं’ म्हणून फोन ठेवायचे आणि त्या ‘बरं’चाच मला जास्त त्रास व्हायचा.

त्या दिवसांत मी तुमच्यावर फार चिडले होते. म्हटलं, हीच का तुमची माणसं? यांच्याच म्हशी आणि जत्रा तुम्ही मला वर्षानुवर्षं ऐकवल्यात? तुम्ही होतात तोवर वैनी वैनी करत होते, आणि आता उंबऱ्याशी येऊन परत जातात. एका दुपारी मी मशीन बंद केलं, पडद्यावर टॉवेल टाकला आणि टायरांच्या मागे जाऊन मनसोक्त रडले. घरी रडता येत नाही हो, घरी सतत कुणीतरी पाणी घेऊन येतं.

त्या दुपारी शांतामावशी शटरखालून वाकून आत आल्या. चहा ठेवला आणि कमरेवर हात देऊन उभ्या राहिल्या.

‘सुमन, ह्ये शटर कवा उघडनार हाय?’

‘उघडलंय की मावशी.’

‘ह्याला उघडलं म्हंत्यात व्हय? आगं, लोकं रोज येत्यात. माज्या बाकड्यावर बसत्यात, चा पित्यात, इचारत्यात, अजून सुतक हाय का वैनीला. मी म्हंते, शटर बघा की. मग जात्यात. दुखवट्याच्या दारात पैशाचं कोण बोलंल? तुजा मालकबी बोलला नसता.’

मला वाटत होतं, लोक पैसे बुडवताहेत. त्यांना वाटत होतं, मी दार लावून घेतलंय. आणि एकमेकांचा मान राखायचा म्हणून दोघांनीही तोंडातून शब्द काढला नव्हता. असा घोळ दुसरीकडे कुठे होत असेल असं मला वाटत नाही. तुम्ही असतात तर पहिल्याच दिवशी रस्त्यावर जाऊन ओरडला असतात, ‘आरं या की, बघताय काय!’

शटर वर करायला मावशींनी हात लावला. गंजलं नव्हतं, पण जड झालं होतं.

मग माणसं आली. पैसे काढायच्या आधी प्रत्येकजण बसायचा आणि तुमचं काहीतरी सांगायचा. मला माहीत नसलेलं कितीतरी. कुणाच्या लग्नात तुम्ही पंगतीत वाढायला उभे राहिलात, कुणाची जीप घाटात बंद पडली तेव्हा भाड्याच्या गाडीत नवा टायर घालून गेलात आणि मला सांगितलंत की कंपनीत काम होतं. ऐकून बरं वाटायचं आणि लगेच राग यायचा, की हे मला तिसऱ्याकडून का कळतंय. विष्णूराव आले, ठरलेले पैसे काउंटरवर ठेवले आणि म्हणाले, ‘बघ बाई, माजी तारीख गेली. पयल्यांदा गेली.’ मी त्यांच्या नावापुढची चांदणी निघालेली त्यांना पडद्यावर दाखवली. त्यांना काही कळलं नाही, पण ते हसले.

सगळेच आले असं नाही. आणि बाळू आला, पण पैसे न घेता आला. टायरवर, तुमच्या जागेवर, बसला आणि लहान मुलासारखा रडला. जाताना म्हणाला, ‘वैनी, फुडच्या दुधाच्या पगाराला नक्की.’ मी तारीख टाकली, ती पण चुकली. त्याची चांदणी अजून तशीच आहे. म्हणजे आपल्या भांडणात कोण बरोबर होतं, ते मला अजूनही सांगता येत नाही. कधी वाटतं मी, कधी वाटतं तुम्ही. तुम्ही आल्यावर बोलू म्हणाला होतात.

दिवाळीच्या आधी कंपनीचे पैसे गेले. दादांनी पावती उजेडात धरून बघितली आणि म्हणाले, ‘बरं. बस मग.’ पण जाता जाता थांबले. ‘जुनं त्याच्या शब्दावर आलं. हितनं फुडं मातर रोख. माणूस वळखायचं काम त्याचं व्हतं, तुजं न्हाय.’ मला ते लागलं, पण खोटं वाटलं नाही. मी रोखीने धंदा सुरू केला.

रोखीने टायर कुणी घेत नाही, हे तुम्हीच मला शिकवलं होतंत. लोक भाव विचारायचे, टायरवरून हात फिरवायचे आणि ‘बघतो’ म्हणून जायचे. यादीतली नावं रोज कमी होत चालली. एक दिवस ती सगळी संपतील, पडदा मोकळा येईल, मग मी सांगवीच्या खोलीत जाऊन बसेन, हे मला दिसायला लागलं. पैसे सगळे आलेले असतील आणि वाट बघायला कुणीच उरलेलं नसेल.

काल दुपारी एकजण आला. निमगाव केतकीचा. जुनी पिकअप चालवतो, पानमळ्यातली पानं बाजाराला नेतो. आपल्याकडे आधी कधी आलेला नाही. पुढचे दोन्ही टायर गुळगुळीत झालेले, तारा दिसायला लागलेल्या. बाहेर गाडीत बायको पानांच्या डालीला धरून बसली होती. त्याने भाव विचारला, खिशातले पैसे माझ्यासमोरच मोजले आणि परत खिशात ठेवले.

‘अर्धं आत्ता देतो. ऱ्हायलेलं मागनं देतो. चालंल का ताई?’

मी म्हणाले, आम्ही रोखीनेच देतो. तो ‘बरं’ म्हणाला. घासाघीस केली नाही, गयावया केली नाही, घरच्या अडचणी सांगितल्या नाहीत. निघाला. जाताना त्याचा पाय दारातल्या आपल्या टायरला लागला, तेव्हा टायरला लागलेली माती त्याने हाताने झाडली. मग गाडीत चढायला लागला.

मी त्याला हाक मारली. माझा आवाज इतका मोठा निघाला, की शांतामावशी बाहेर येऊन बघायला लागल्या.

‘राहिलेले कधी द्याल?’

तो गोंधळला. बायकोकडे बघितलं. मग म्हणाला, ‘तुमी सांगाल तवा.’

अहो, असं मला कधीच कुणी म्हटलं नव्हतं. माझ्यासमोर उभं राहून सगळे स्वतःची पौर्णिमा आणि स्वतःची जत्रा सांगायचे. मी रकान्यावर बोट ठेवून बसले होते. पानांचा बाजार कधी तेजीत असतो ते मला माहीत नाही. हा माणूस कसा, त्याच्या घरात कोण, ते माहीत नाही. दादांना काय सांगायचं तेही माहीत नव्हतं. मी त्याच्याकडे बघितलं, बाहेर बसलेल्या त्याच्या बायकोकडे बघितलं आणि तारीख टाकली. त्याला वाचून दाखवली. तो ‘व्हय’ म्हणाला. शेजारच्या गॅरेजातल्या मिस्त्रीने टायर बसवले, त्याने बिलावर सही केली आणि गाडी इंदापूरच्या रस्त्याला लागली.

ती तारीख बरोबर आहे का चूक, मला कळायला मार्ग नाही. आज सकाळी आजची नावं वाचून झाल्यावर पुढच्या तारखांची यादी उघडली, तेव्हा खाली, सगळ्यात शेवटी, त्याचं नाव होतं. मी ते मोठ्याने वाचलं. आपल्या यादीतलं हे पहिलं नाव आहे, ज्या माणसाला तुम्ही ओळखत नाही.